सुटीचा भोंगा

नवऱ्याला मी हे बोलले नाही, मुलीला नाही. देवापुढेही — हात जोडले, डोळे मिटले आणि दुसरंच काहीतरी मागून उठले. आज तुम्हाला सांगते आहे ते धीर आला म्हणून नव्हे. माझ्याशिवाय हे ठाऊक असलेलं आता कुणी नाही. मी गेले, की दादाबद्दलचं खोटंच तेवढं मागे राहील.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वसंत. लालबागला चाळीत आमची खोली आणि दादा जवळच्याच मिलमध्ये मागावर. माणूस इतका हळुवार, की लहानपणी माझ्या केसांतला गुंता तोच सोडवायचा, कारण आईने फणी लावली की मी चाळ डोक्यावर घ्यायचे. गिरण्यांच्या संपाच्या आधीपासूनच त्याला कसले कसले आवाज ऐकू येत होते. संपात मिल बंद पडली आणि ते फारच वाढलं. सरकारी इस्पितळातून गोळ्या मिळत, पण तो गोळी घेईना की जेवेना. मिलमधली पाळी संपल्याशिवाय जेवायचं कसं, म्हणे. दिवसभर भिंतीशी उभा. समोर काही नाही, आणि हात मात्र तुटलेला धागा जोडताहेत.

तोड आईने काढली. तांब्या तोंडाशी धरून ती भोंगा वाजवायची — लांबलचक, घोगरा, हुबेहूब मिलचा. मग म्हणायची, "सुटली रे पाळी, जेवूक ये." की दादा हात पुसून पाटावर यायचा, गोळी गिळायचा, झोपायचा. आईला कधी उशीर झाला तर शेजारच्या सावंतकाकू येऊन वाजवून जायच्या. हसू यायचं खरं, पण चाळीत कुणी हसायचं नाही. आईचा नियम एकच होता. भोंगा वाजवायचा तो सुटीचा. पाळी लागल्याचा भोंगा घरात कधीच वाजवायचा नाही.

आता तुम्हाला अंदाज आलाच असेल. तरी मला बोलू द्या — हे एकदा तरी माझ्याच तोंडून बाहेर पडायला हवं.

मला बघायला पाहुणे येणार होते. संपाला दोनेक वर्षं झाली होती, घरात दागिना उरला नव्हता, आणि चांगलं स्थळ चालून आलं होतं. आई मामाला आणायला गेलेली. मी साडी नेसून तयार, आणि दादा भिंतीशी. पाहुणे आत आले की पहिला तोच दिसणार. त्याला सावंतकाकूंकडे बसवता आलं असतं. काकू नाही म्हणाल्या नसत्या. मग का नाही विचारलं मी? त्यांना कळलं असतं — हिला सख्ख्या भावाची लाज वाटते म्हणून.

मी तांब्या घेतला. वाजवला. म्हटलं, "दादा, पाळी लागली. चुकेल."

तो वळला. "मिल सुरू झाली?"

"हो."

त्याचा चेहरा कसा उजळला ते मला नाही सांगता येणार. त्याने केसांना तेल लावलं, भांग पाडला, ठेवणीतला सदरा घातला. पाहुण्यांसाठी केलेले पोहे मी डब्यात भरून दिले. निघताना माझ्या साडीकडे बघून म्हणाला, छान दिसतेस गो. आई परत आली तेव्हा तिने विचारलं, "दादा खंय गेलो?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, इथेच तर होता.

मिलच्या गेटवर एक म्हातारे रखवालदार होते. दादाला ओळखायचे, पूर्वी त्याच्याबरोबर तंबाखू मळायचे. त्यांनी समजावलं, मिल बंद आहे, घरी जा. दादा ऐकेना. पाळी चुकेल, पाळी चुकेल, म्हणत राहिला. त्यांनी दंड धरला, आणि दादाने हातातला डबा फिरवला. ते पडले ते दगडी पायरीवर. दोन दिवसांनी गेले.

दादाला शिक्षा झाली नाही, कोर्टाने इस्पितळात ठेवायला सांगितलं. चाळीत जो तो म्हणू लागला, असल्यांना मोकळं सोडतातच कशाला? काल त्याच्यासाठी भोंगा वाजवणारी हीच माणसं. मी त्यांना काय दोष देऊ? मी मान डोलावत होते. रखवालदारांची बायको आमच्याकडे आली, आईचे हात धरून म्हणाली, "माझ्या माणसानं काय वाकडं केलं होतं हो त्याचं?" मी पाण्याचा पेला घेऊन तिथेच उभी होते. पाणी दिलं.

डॉक्टरांनीही विचारलं होतं — दोन वर्षं जो गेटकडे फिरकला नाही, तो त्याच दिवशी का गेला? घरात काही घडलं का? मी म्हटलं, काही नाही, आपला अचानक उठला आणि गेला. पुढे आईने त्याला घरी सोडा म्हणून कितीदा पदर पसरला, तेव्हा हाच शब्द आडवा आला. अचानक बिघडणाऱ्या माणसाची हमी कोण देणार? तो अचानक बिघडला नव्हता. तो पाळीला गेला होता. मी सांगितलं म्हणून गेला होता.

ते स्थळ गेलंच. पुढे गिरगावात लग्न झालं, संसार चांगला झाला. आई होती तोवर दर आठवड्याला इस्पितळात जायची आणि तोंडाशी तळवे धरून भोंगा वाजवायची. दादाबरोबर वॉर्डातले आणखी चार जण जेवायला बसायचे, ती हसत सांगायची.

मग आई गेली. मी भेटायला गेले तर दादा भिंतीशी उभा, पार वाळलेला, हात चाललेले. वॉर्डबॉय म्हणाला, "ताई, जेवतच नाय ओ हा. धरून भरवायला लागतं. म्हातारी कायतरी वाजवायची ना, तुम्हाला येतं काय?"

तो आवाज माझ्या तोंडून निघाला असता, तर दादाने वळून माझ्याकडे पाहिलं असतं. त्याला आठवलं असतं. की नसतं? मला ते बघायचं नव्हतं.

"नाही येत," मी म्हटलं.

त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. मी जायची, केळी न्यायची, त्याच्या केसांवरून फणी फिरवायची. तो भिंतीकडे तोंड करून उभाच असायचा. एकदा, वळून न बघताच, म्हणाला, "आज पाळी लांबली गो." मी म्हटलं, हो रे दादा, लांबली.

त्याला पाळीला मीच धाडलं होतं. आणि सुटीचा भोंगा मला येत होता.