क्युबा ब्रास बँड, भंडारा

भंडारा जिल्ह्यात क्युबा कोणी आणला असं विचारलंत, तर मी बेधडक माझ्या भाटव्यांकडे बोट दाखवीन. भाटवे म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. लग्नाच्या बँडात ताशा बडवत मोठे झाले, पुढे स्वतःच्या बँडचे मालक झाले. पन्नाशीत त्यांना मोबाइलवर आफ्रिकी वंशाचा एक क्युबन म्हातारा दिसला. कोंगा नावाचा उंच ढोल तो नुसत्या हातांनी वाजवत होता आणि जॅझचा अख्खा ताफा त्याच्या इशाऱ्यावर चालत होता. भाटव्यांनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला, की ताईला म्हाताऱ्याच्या शर्टावरची फुलं पाठ झाली. महिनाभरात आंब्याचं खोड कोरून, त्यावर बकऱ्याचं कातडं चढवून त्यांनी कोंगा तयार करवला आणि दुकानाला पाटी लावली, 'क्युबा ब्रास बँड, भंडारा'. गिऱ्हाईक विचारी, "हे क्युबा कुठं आलं जी? गोंदियाकडं काय?" भाटवे म्हणत, "तिकडंच. थोडं समोर."

मग एसटीत पुढच्या सीटवर, दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीच्या हातावर, कुठेही त्यांची बोटं चालू लागली. ताई वैतागे, "बराबर जेवा ना जी! काहून ताट वाजवून राहिले?" "वाजवून नाही राहिलो, शिकून राहिलो," भाटवे गंभीरपणे सांगत.

हा क्युबन ठेका त्यांनी लोकांपुढे पहिल्यांदा वाजवला तो आसगावच्या एका वरातीत. थाप हवी तिथं पडत नव्हती आणि नको तिथं हमखास पडत होती. नवरदेवाच्या काकांनी नाचायला पाय उचलला, पण तो टेकवायचा कधी हेच त्यांना कळेना. मागचे त्यांच्यावर आदळले. नवरदेवाचे वडील ओरडले, "वरात आहे का कवायत? सीधा वाजव ना!" भाटवे अदबीनं म्हणाले, "सीधाच आहे जी. तुमचा पाय वाकडा पडून राहिला."

त्यानंतर बोलावणी आटली. निम्मे वाजवणारे डीजेवाल्यांकडे गेले. पाटी मात्र उतरली नाही.

पुढे त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. सोयऱ्यांची एकच अट होती, हा बँड नको. भाटवे मुकाट्यानं कबूल झाले. मुलगी अडून बसली, "माझ्या लग्नात बाबाचाच बँड. नाही तर मी मांडवात उभीच नाही राहात." अखेर सोयरे नमले. पण लेकीच्या सासरी बोल नको म्हणून भाटवेही नमले. सबंध रस्ताभर त्यांनी ताशावर साधा, सरळ ठेका वाजवला. मुलीचा बाप वरातीपुढे वाजवत आपल्याच मांडवात शिरला, हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. लोक बेभान नाचत होते. ताई दाराशी डोळे पुसत मला म्हणाली, "ह्याइले असं वाजवताना पाहवत नाही बाबू."

निरोपाच्या वेळी मुलगी गाडीत बसली आणि तिनं काच खाली केली. "बाबा, तुमचंवालं वाजवा ना."

भाटवे स्वतः धावत जाऊन कोंगा घेऊन आले. या खेपेला कोणी नाचलं नाही, कोणी हसलंही नाही. व्याही पागोटं सावरत ऐकत उभे राहिले. गाडी हलली, वळणावरून दिसेनाशी झाली, तरी भाटव्यांचे हात चालूच होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी गेली, भाऊजी."

"गेली ना," ते वर न पाहता म्हणाले. "एवढं आवर्तन पुरं होऊ दे."

ते आवर्तन बरंच लांबलं. आम्ही कोणीच त्यांना थांबवलं नाही.