मोहनदादांची मूठ

अध्यात्म म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो, भक्तीने नव्हे, वैतागाने. आणि संशोधनाला विषय मिळाला नेमका तोच: संकटातून माणूस आतून वाढतो का, आणि वाढला तर मेंदूत काय बदलतं. चंडीगडजवळच्या नॉलेज सिटीतल्या आमच्या प्रयोगशाळेला अशी माणसं हवी होती. तिथल्या आमच्या मराठी गणेश मंडळात सगळ्यांनी एकच नाव सुचवलं, मोहनदादा.

दादा मूळचे इचलकरंजीचे. इथल्या इंडस्ट्रियल एरियात अठरा वर्षं पॉवर प्रेसवर पत्रे कापायचे. दोन वर्षांपूर्वी मशीन बिघडलं आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हापासून ते रोज तासभर नामस्मरण करतात, मंडळातली भांडीसुद्धा घासतात. संकटाने माणूस उजळला, असं सगळे म्हणत.

मी त्यांना प्रश्नांचा कागद दिला. श्रद्धा वाढली का, जगण्याचं मोल कळलं का, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण द्या. दादांनी खालपर्यंत शून्यं मांडली. मी चक्रावलेच. एवढं देवाचं करता आणि शून्य? ते एवढंच म्हणाले, की नसलेली बोटं तळव्यात रुतून बसलीत, मूठ सुटत नाही.

हे मात्र मला कळत होतं. बोटं जातात, पण मेंदूतला हाताचा नकाशा पुसला जात नाही. उपाय साधा आहे: मध्ये आरसा उभा करायचा, तुटका हात त्याच्यामागे, धड हात पुढे. धड हात उघडला की दोन्ही उघडल्यासारखे दिसतात आणि कधीकधी मेंदू फसतो.

आरशात दादांचे दोन्ही हात अगदी पुरे दिसले, शेजारीशेजारी. ते बघत राहिले आणि रडायलाच लागले.

“ताई, मशीन बिघडलं नव्हतं.”

मग सगळं बाहेर आलं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती चालत नाही, म्हणजे हात आत राहूच नये. काम लवकर उरकावं म्हणून दादांनी एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. अपघात झाल्यावर आधी त्यांनी डाव्या हाताने ती पट्टी ओरबाडून काढली. आता त्या मशीनवर नरेश नावाचा कामगार आहे. पट्टी त्यानेही लावलीय, दादांचंच बघून. मशीन दुरुस्त झालंय, आता कसली भीती, या भरवशावर.

मी चिडले. म्हटलं, मग नाम कशाला घेता, त्याला सांगा. सांगितलं तर माझं काय उरलं, असं ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मात्र कारखान्यात गेले. मीही गेले, खरं सांगायचं तर कुतूहलापोटी. दादांनी मशीन बंद करायला लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “पट्टी मैंने लगाई थी. मशीन ठीक थी.” एकजण तोंड फिरवून निघून गेला. मग उरलेल्या दोन बोटांनी दादा पट्टीचं टोक शोधत बसले. बराच वेळ लागला. नरेश स्वतःच्या हातांकडे बघत उभा होता.

फाटकाशी दादा म्हणाले, मूठ उघडली.

झाली ना माझी पंचाईत! आरसा काल, कबुली आज. दोन औषधं एकदम दिल्यावर गुण कुणाचा आला, काय सांगणार? मी पुन्हा तोच कागद पुढे केला. दादांनी पहिल्याच प्रश्नापुढे दहा लिहिले.

पाचाच्या वर गुण नाहीत, मी म्हटलं.

“असू दे,” ते म्हणाले. “नरेशची बोटं मोजली.”