वाढली

बांगडी फुटली असं मणियार कधी म्हणत नाही, वाढली म्हणतो. सवाष्णीच्या कानावर फुटणं पडू नये. शिरड शहापूरच्या मकबूलभाईंनी बांगड्या भरताना जन्मभर हा शब्द पाळला. त्यामुळे हिंगोलीचे डॉक्टर "कंपवात वाढलाय" म्हणाले तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. त्यांच्या कानाला वाढणं म्हणजे संपणं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, अंग सैल सोडा, डोळे मिटा, समुद्र डोळ्यांसमोर आणा. समुद्र! या माणसाने धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नाही. रोज खाटेवर डोळे मिटून बसायचे आणि दचकून उघडायचे. "बुडून राहिलो," म्हणायचे. बाजारात जन्मभर त्यांच्या शेजारी बसून बांगड्या भरणारी त्यांची बायको मदीनाबी आता त्यांना घास भरवून, बटणं लावून, कूस बदलून देऊन पार थकली होती. "समुंदर ऱ्हाऊ द्या बाई," ती मला म्हणाली, "मला नुसती झोप पायजे." मी शेजारीण, मला तरी काय सुचणार?

तशात लेकीच्या लेकीचं, मंतशाचं लग्न आलं. तिचा हिरवा चुडा मीच भरणार, हा म्हाताऱ्याचा हट्ट. नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

चुड्याच्या सकाळी त्यांचा हात असा थरथरत होता की मला बघवेना. मदीनाबीने तो ओढून मांडीवर घेतला, अंगठ्याचं मूळ चोळलं आणि मकबूलभाई हात आखडणाऱ्या पोरींना म्हणायचे तसंच म्हणाली, "हात ढिल्ला सोड गं माय. गाव कोणतं तुझं?"

ते हसले. डोळे मिटले. "औंढ्याचा बाजार," पुटपुटले. "पालात बसलो. गर्दी लई. एकेक हात म्होरं येऊन राहिला." खांदे उतरले, श्वास लांबला. थरथर गेली नाही, पण मंदावली.

मंतशाने उजवा हात पुढे केला. डोळे मिटूनच ते बांगड्या चढवत गेले. माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटच्या बांगडीला मात्र हाताने दगा दिला. कट्ट! मंतशाच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला.

"वाढली, नाना," ती पटकन म्हणाली.

मकबूलभाईंनी डोळे उघडले. फार दमले होते. "न्हाई बेटा," ते म्हणाले, "फुटली." आणि नातीचा डावा हात उचलून त्यांनी मदीनाबीच्या हातात दिला.