अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं

पहिल्या वर्षाला मला जे विषय मिळाले ते मी निवडले, असं म्हणणं खरं होणार नाही. प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "राज्यशास्त्र, इतिहास चालेल ना?" आणि मी "चालेल" म्हणाले. मागे मोठी रांग होती. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे काय चालतं आणि काय चालत नाही हे मलाच नीट माहीत नव्हतं. तिसरा एक पेपर सगळ्यांनाच होता, रोजगार कौशल्यांचा. त्याला मुलं 'नोकरीचा तास' म्हणायची.

पप्पा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. त्यांनी मला एक वर्ष दिलं होतं. त्यांच्या शेजारच्या गाळ्यात पॅकिंगच्या खोक्यांचा धंदा आहे, तिथे बिलं बनवायला मुलगी हवी होती. तिथले शेट पप्पांच्या शब्दाखातर मे महिन्यापर्यंत थांबायला तयार झाले होते.

"वर्षभर बघ," पप्पा म्हणाले. "यातून काय कामाचं निघतंय असं दिसलं, तर पुढे शीक. नाहीतर मे महिन्यात गाळ्यावर जायचं. मग रडायचं नाही."

मी हो म्हणाले. यातून काय निघतं ते मलाही माहीत नव्हतं, म्हणून भांडायला काही मुद्दाच नव्हता.

राज्यशास्त्राच्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात एक विचित्र गृहपाठ दिला. आपल्या भिंतीवर, फाटकावर, कुठेही चिकटवलेली एक सरकारी नोटीस उतरवून आणा आणि ती काढायचा अधिकार सही करणाऱ्याला कुणी दिला ते शोधा. आमच्या इमारतीच्या जिन्यात पाणी बंदची नोटीस होती. शुक्रवारी दिवसभर पाणी येणार नाही, नागरिकांनी सहकार्य करावे. मी ती उतरवली. खाली कार्यकारी अभियंत्याची सही होती. अभियंत्याला अधिकार कुणी दिला? आयुक्तांनी. आयुक्तांना? कायद्याने. कायदा कुणी केला? विधानसभेने. विधानसभेला? संविधानाने. आणि संविधान कुणी केलं ते बघायला गेले तर पहिल्याच ओळीत आम्हीच निघालो. मी दोनदा वाचलं. म्हणजे शुक्रवारी पहाटे उठून जी माझी आई पिंपं भरत होती, तिच्याच अधिकाराने फिरत फिरत तिचं पाणी बंद झालं होतं.

आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग मी सांगते, चालू करा म्हणावं."

मला हसू आलं, पण त्या दिवसापासून मी नोटिसा वाचायला लागले. खोपटच्या एसटी डेपोतल्या, बँकेतल्या, रेशन दुकानावरच्या, सगळ्या. मैत्रीण हात धरून ओढायची, "चल ना, काय लग्नपत्रिका आहे का ती?"

इतिहासाचे सर वेगळेच होते. त्यांनी कुठलीही लढाई न शिकवता आम्हाला आपल्या आजोबांचं रेशनकार्ड दाखवलं. ते बाकांवरून फिरवलं आणि फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. हे कुणी लिहिलं? कुणासाठी लिहिलं? आणि यात काय नाही? तिसऱ्या प्रश्नावर आम्ही कार्ड उलटसुलट करून बघितलं. जे नाही ते कसं दिसणार? सर म्हणाले, "घाई नाही. दिसायला लागेल." मला कितीतरी दिवस दिसलं नाही.

जानेवारीत नोकरीच्या तासाला त्या विषयाच्या मॅडमनी एक पत्र वाचून दाखवलं. पालिकेच्या एका प्रभाग कार्यालयात जुन्या कागदपत्रांची खोली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे तिथल्या कागदांच्या याद्या करायला दोन विद्यार्थी हवे आहेत. ज्यांना जायचंय त्यांनी बायोडेटा आणावा, मग मुलाखत होईल, शेवटी प्रमाणपत्र मिळेल. मॅडम पत्राची घडी घालेपर्यंत माझं ठरलं होतं. जुने कागद बघायला मिळतील हे एक कारण. दुसरं कारण ते प्रमाणपत्र. पालिकेचा शिक्का असलेला कागद पप्पांच्या समोर ठेवला तर ते त्याला बिनकामाचं म्हणू शकणार नव्हते.

बायोडेटा मला माहीत होता. दोन वर्षांपूर्वी ताईचा केलेला, त्याची फाइल झेरॉक्सवाल्याकडे अजून होती. त्या बायोडेटावर ताईचं डोंबिवलीला लग्न जमलं होतं, म्हणजे तो चालणारा होता. मी नाव, जन्मतारीख, उंची बदलली आणि छान रंगीत प्रिंट काढली.

मॅडमनी तो हातात घेतला आणि जरा लांब धरला. वर गणपती होता.

"हे काय आहे गं?"

"बायोडेटा, मॅडम."

"नाडी अंत्य," मॅडमनी वाचलं. "कुलदैवत. मामांचे गाव, संगमेश्वर."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मंगळ आहे का ते पण बघा! प्रभाग कार्यालयाला चालणार नाही!"

सगळा वर्ग हसत सुटला. मला बाकाखाली जावंसं वाटलं. मॅडमनी ओरडणाऱ्या मुलाला म्हटलं, "तुझा आण बघू." तो हसतच उठला. त्याच्या कागदावर गणपती नव्हता, पण त्याने भावाचा उतरवला होता आणि शेवटची ओळ काढायची राहून गेली होती. अपेक्षा: मुलगी सुस्वभावी, नोकरी करणारी असल्यास प्राधान्य. मग मॅडमच इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. एकूण अकरा जणांनी लग्नाचा बायोडेटा आणला होता. आमच्यापैकी कुणाच्याच घरात दुसरा बायोडेटा कधी झाला नव्हता.

तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवलं. "गणपतीचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पण हा परत वाच. वडील काय करतात आहे. भाऊ कितवीत आहे. मामा, काका, गावाकडची शेती, सगळं आहे. तुझ्याबद्दल फक्त उंची आहे."

मी तो कागद तीन प्रश्न विचारून पुन्हा वाचला. कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, यात काय नाही. सरांचा तिसरा प्रश्न मला पहिल्यांदा कळला तो असा.

कळलं खरं, पण नवा बायोडेटा होईना. मॅडमनी सांगितलेले रकाने मी आखले. शिक्षण दोन ओळींत संपलं. भाषा संपल्या. मग 'अनुभव' असा रकाना आला आणि मी दोन दिवस त्याच्यासमोर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पप्पा कामावरून आले, हात धुताना त्यांनी विचारलं, "काय लिहितेस एवढं?"

"अनुभव."

"कसला?"

"तेच तर. काही केलंच नाहीये मी."

"मग नाही असं लिही. खोटं लिहू नको सरकारी कागदावर."

आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "वरच्या आजींचा पत्ता बदलायचा फॉर्म कुणी भरला?"

"तो काय, असाच भरला."

"आणि कोपऱ्यातल्या वहिनींचा, गॅसवर नाव चढवायचा? त्यांच्या पोराच्या दाखल्याचा अर्ज? सातवीत होतीस तेव्हापासून लोक दारात कागद घेऊन उभे असतात."

"अगं, ते काय काम आहे?" पप्पा म्हणाले. "तो आपला शेजारधर्म."

"शेजारधर्म?" आई आता वळली. "तुमचा स्वतःचा पीएफचा फॉर्म तीनदा परत आलेला. चौथ्यांदा कुणी भरला? शेजारच्यांनी?"

पप्पा टॉवेलला हात पुसत राहिले. हात कोरडे झाले तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "परत नाही आला चौथ्यांदा. ते खरं आहे."

मी लिहिलं: सातवीपासून इमारतीतल्या व आसपासच्या लोकांचे सरकारी अर्ज भरून देणे. लिहून झाल्यावर मला ते फारच साधं वाटलं. मॅडमनी वाचलं, एक काना दुरुस्त केला आणि म्हणाल्या, "हेच ठेव."

मुलाखतीला आम्ही सात जण होतो. माझ्या शेजारी बसलेली मुलगी फोनवर भराभर इंग्रजी बोलत होती आणि मी तिच्या बुटांकडे बघत होते. आत एक अधिकारी बाई होत्या आणि त्यांच्या बाजूला रेकॉर्डचं काम बघणारे वयस्कर कारकून. बाईंनी माझ्या बायोडेटावर बोट ठेवलं.

"अर्ज भरून देता? मग हा वाचा जरा."

त्यांनी पुढे केलेला कागद पिवळा पडला होता. जन्माच्या नोंदीत मुलीचं नाव चुकलंय, ते दुरुस्त करून मिळावं, एवढाच अर्ज होता. मी वाचून दाखवला. अक्षर सुंदर होतं, अडखळायला झालं नाही.

"यादीत काय लिहाल याच्याबद्दल?"

"नाव दुरुस्तीचा अर्ज," मी म्हणाले. तिथेच थांबायला हवं होतं, पण डोळा सहीवर गेला होता. "मॅडम, एक विचारू का? म्हणजे, हा अर्ज ज्यांची सही आहे त्यांनी लिहिलेला नाही ना?"

कारकुनांनी कागद स्वतःकडे वळवला. "कशावरून?"

"वरचं अक्षर आखल्यासारखं आहे. आणि सहीला जागा पुरली नाही, आडनाव खाली वळलंय. ज्यांना लिहायची सवय नसते त्यांचं असं होतं. आमच्या वरच्या आजींचं पण होतं. मी त्यांना आधी पेन्सिलने रेघ मारून देते." मला वाटलं मी फार बोलतेय, पण थांबता येईना. "आणि यात 'सबब' हा शब्द तीनदा आलाय. सही करणारे काका असं बोलत नसतील. ते काय म्हणाले असतील ते यात नाहीये. मुलीचं नाव चुकल्यामुळे त्यांचं काय अडलं होतं, तेही नाही."

"मग ते यादीत कसं लिहाल?" बाईंनी विचारलं.

मी विचार केला. खरंच केला. "माहीत नाही, मॅडम."

कारकून हसले. "इतकी वर्षं या फायली हलवतोय. सहीखालच्या जागेकडे कोण बघतं, हो!" ते मला म्हणाले की बाईंना, कळलं नाही. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, "यादीत शेरा नावाचा रकाना असतो. तो बहुतेक मोकळाच राहतो."

बाहेर आल्यावर मला वाटलं, 'माहीत नाही' म्हणून मी सगळं घालवलं. घरी जाऊन मी पप्पांना सांगितलं की बरी झाली. त्यांनी विचारलं, "बरी म्हणजे?" मी पाणी प्यायला माठाकडे गेले. एप्रिल सुरू झाला होता आणि गाळ्यावरच्या शेटनी दोनदा निरोप पाठवला होता.

आठ दिवसांनी कॉलेजच्या फळ्यावर दोन नावं लागली. त्यातलं एक माझं होतं. मॅडमनी पत्र दिलं, त्यावर पालकांची सही हवी होती आणि ते दुसऱ्या दिवशी परत द्यायचं होतं. घरी रात्रीपर्यंत थांबणं मला शक्य नव्हतं. मी तशीच पप्पांच्या वर्कशॉपवर गेले. जेवणाची सुट्टी होती. पप्पा आणि त्यांचा एक सोबती पत्र्याच्या सावलीत डबा उघडून बसले होते.

"काय साहेब, इकडे कुठे?" सोबती काका म्हणाले. "बापाला चेक करायला आलीस काय?"

मी पत्र दिलं. पप्पांनी हात धुतले, चष्मा लावला आणि सगळं वाचलं. अगदी खालचा जावक क्रमांकही वाचला. मग विचारलं, "तिथे जुन्या लोकांचे अर्ज असतात?"

"हो."

"किती जुने?"

"ते गेल्यावर कळेल."

पप्पा म्हणाले, "आमच्या बाबांनी वस्तीत नळ मिळावा म्हणून अर्ज केलेला. मी लहान होतो, त्यांच्याबरोबर गेलेलो. दिवसभर उभे होतो दोघं. नळ काय आला नाही तेव्हा." त्यांनी सोबती काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "असेल काय तो?"

"असू शकतो," मी म्हणाले. "सापडेलच असं नाही, पप्पा."

"नाही सापडला तर नाही. बाबांना लिहिता येत नव्हतं. कुणाकडून लिहून घेतलेला कोण जाणे." त्यांनी डब्याचं झाकण उलटं ठेवलं, त्यावर पत्र ठेवून सही केली. हळू केली. "बघायला आवडेल मला. काय लिहिलेलं ते."

इतकी वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, पण हा अर्ज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला आणखी विचारायचं होतं. कुठल्या कार्यालयात, वस्ती कुठली, नळ शेवटी कधी आला. तेवढ्यात शेजारच्या गाळ्याचं शटर वर गेलं आणि शेट बाहेर आले. मला बघून खूश झाले.

"अरे वा, आली का बघायला? टेबल रिकामं ठेवलंय हां. एक मेपासून?"

मी पप्पांकडे बघितलं. ते उठून उभे राहिले. शेटांशी ते नेहमी उभं राहूनच बोलतात.

"नाही शेट. दुसरी बघा कुणी. हिला पुढच्या वर्षी कॉलेज आहे."

"ठीक आहे, मग सुट्टीपुरती तरी पाठवा."

"सुट्टीत ती कामाला जाणार आहे."

"कामाला? कुठे?"

पप्पांनी डब्याच्या झाकणावरचं पत्र उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. "वाचा," ते म्हणाले. शेट चष्मा आणायला आत गेले, आणि ते परत येईपर्यंत पप्पा पत्र तसंच हातात धरून उभे राहिले.