न वाचलेली यादी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि भाजीवाल्याकडून चुकून जास्त आलेली चिल्लरसुद्धा मी तिच्यापासून लपवत नाही.

सक्करदऱ्यात राहतो. विजेचं बिल आलं की आधी स्वतः आकडेमोड करतो, मग भरतो. ऑफिसातही हीच ओळख — यांचं चुकत नाही. त्या ओळखीचा मी काय उपयोग केला, ते सांगायचं आहे.

आमची कंपनी गांधीबागेतल्या कापड व्यापाऱ्यांचे व्यवहार संगणकावर सांभाळते. ते सगळं आम्ही आमच्याच सर्व्हरांवर उभ्या केलेल्या खासगी क्लाउडवर हलवत होतो. काम स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, करायची. यादीत सर्व्हरांची नावं लिहायची, एक कमांड द्यायची. स्क्रिप्ट यादीतल्या प्रत्येक सर्व्हरची डिस्क पुसून नवी व्यवस्था बसवायची. नाव चुकीचं गेलं तर? तोही पुसला जायचा.

म्हणून मीनाताईंनी एक रीत पाडली होती. त्या माझ्याच वयाच्या, कामठीहून यायच्या, या कामाच्या प्रमुख होणार होत्या. कमांडच्या आधी मी यादी मोठ्यानं वाचायची, त्यांनी आपल्या स्क्रीनवर ताडून प्रत्येक नावाला ‘हो’ म्हणायचं. माझा आवाज पडला की म्हणायच्या, "आरती पुटपुटून राहिले काय, भाऊ? जोरात वाचा न!" सगळे हसायचे. मला — हे लिहायला जड जातं — ती रीत अपमानासारखी वाटायची. माझं काम दुसऱ्यानं कशाला तपासायचं?

त्या दिवशी सकाळपासून आम्ही बऱ्याच याद्या वाचल्या होत्या. शेवटची मी वाचली नाही. मीनाताई समोरच फोनवर बोलत होत्या. थांबता आलं असतं. घाई कसलीच नव्हती. मी कमांड दिली. जुन्या यादीवरून नवी करताना आधीच हलवून चालू झालेल्या एका सर्व्हरचं नाव माझ्याकडूनच तसंच राहिलं होतं.

व्यापाऱ्यांच्या नोंदी गेल्या. बॅकअपमधून बऱ्याच परत आल्या, सगळ्या नाही. साहेबांनी विचारलं, यादी दोघांनी तपासली होती का?

"हो, नेहमीसारखी," मी म्हणालो.

मीनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. पण त्या आठवत होत्या — खरंच आठवत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ म्हणतात तर वाचलीच असन. माह्याच तोंडून हो निघालं असन."

त्यांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. काहून? तर माझं चुकत नाही म्हणून. तेव्हा तरी बोलायचं होतं — मी पाणी प्यायलो.

शेवटचा ‘हो’ त्यांचा, म्हणून चूक त्यांची ठरली. प्रमुख मी झालो. त्यांना तक्रारींच्या फोनवर बसवलं. पद गेल्याचं त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, "आता गॅस बंद केला का, तेही दोनदा पाहतो मी. माह्या डोक्याचा भरवसा नाही राहिला, भाऊ." मी मान हलवली.

गेल्या आठवड्यात त्यांनी मुलीच्या लग्नपत्रिकेचा नमुना मला पाठवला — छापायला टाकण्याआधी तुम्ही पाहून द्या म्हणून. चूक एकही नव्हती. तसं कळवलं. लगेच उत्तर आलं, "दोनदा पाहिलं न, भाऊ?"

दोनदा पाहिलं होतं. तेवढंच कळवलं.