मावशींचा गोड चहा

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या पहिल्या हिवाळ्यात मी दर शनिवारी दोन बस बदलून एका बाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. त्या पॅसिफिकमधल्या किरिबाटी बेटांवरच्या, माझ्या आईच्या वयाच्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांच्या गिल्बर्टीज भाषेतल्या विशेषणांवर मला पेपर लिहायचा होता. तो फसला तर भाषाशास्त्राची पीएचडी सोडून घरी जायचं, असं प्रोफेसरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

आणि ती विशेषणं काही हाती लागेनात. आपण ‘मोठं घर’ म्हणतो. मावशी म्हणायच्या ‘घर, जे मोठं’. शिवाय त्यांचा ‘बुबुरा’, म्हणजे मोठा, ‘आहे’ची वाट न बघता क्रियापदाचं कामही एकटाच उरकायचा. मग याला विशेषण म्हणायचं तरी कशाला? माझं डोकं पार चक्रावलं. शेवटी मी मराठी वळणानं ‘बुबुरा’ घराच्या आधी ठेवून विचारलं, ‘असं चालेल?’

‘हो,’ मावशी म्हणाल्या.

उलटं करून विचारलं. तरी ‘हो’. दोन्ही चालतात! पेपरला मुद्दा मिळाला म्हणून मी हवेतच. ‘बुबुरा’ आधी ठेवून बोलताना मात्र मी त्यांना एकदाही ऐकलं नव्हतं, आणि ते खटकत असूनही मी पानंच्या पानं भरत गेले.

दर वेळी चहा असायचा, पाकासारखा गोड. दुसऱ्याच्या घरी नाक मुरडायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. मी ‘फारच छान’ म्हणायचे आणि पुढच्या शनिवारी साखर आणखी वाढायची.

पेपर द्यायला दोन दिवस उरले असताना त्यांची मुलगी घरी होती. माझी वाक्यं ऐकून ती हसतच सुटली. ‘मॉम, असं कोण बोलतं?’

मावशी ओशाळल्या. ‘पोरगी एवढ्या बर्फातून येते. तिला नाही कसं म्हणू?’

मला रडूच फुटलं. वहीतले कुठले ‘हो’ खरे, कुठले माझ्यासाठी? आता काय लिहायचं? कुणावर चिडावं तेही कळेना. मावशींनी घाईघाईनं चहा पुढे केला. ‘नेहमीसारखाच केलाय. आवडतो ना?’

‘नाही, मावशी. फार गोड होतो. पहिल्या दिवसापासून.’

मग त्यांनी कप सिंकमध्ये ओतला, त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ‘पहिल्या पानापासून वाच.’

मी पहिलं वाक्य वाचलं.

‘नाही,’ मावशी म्हणाल्या.