किल्लीवरचा हात

वीज उपकेंद्रातल्या त्या ऑपरेटरचं नाव मी विचारलंच नाही. मे महिन्यातली दुपार होती. मोठा ट्रान्सफॉर्मर आपोआप बंद पडला होता आणि दापोऱ्याच्या शिवारातली आमची केळी पाण्यावाचून माना टाकत होती. आम्ही फाटकाशी ओरडत होतो, "भाऊ, एक बार चालू करून तर पाहा!"

बिघाड ओळखणाऱ्या रिलेत जमलेला गॅस त्याने बाटलीत घेतला, दूर येऊन बाहीने घाम पुसला आणि बाटलीच्या तोंडाशी काडी धरली. भक्कन ज्योत उठली. नुसती हवा असती तर पेटली नसती.

"आत तेल जळतंय," तो म्हणाला. "पाहायला म्हणून चालू केलं, तर पाहायला कोणी उरत नाही."

त्याने स्विचला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि खिशावर हात दाबून उभा राहिला.

मी चिडलो. "तुमचं काय जातं? पगार तर चालूच आहे!"

"मी बहादरपूरचा. माझी केळीबी याच लाईनीवर आहे."

आम्ही माघारी वळलो. मागे पाहिलं, तर हात खिशावरच होता. किल्ली तो आमच्यापासून जपत होता की स्वतःपासून, मला आजही कळलेलं नाही.